हंस तारकासमूहातला 'नवा तारा' का दिसला नाही

'2022 मध्ये दोन तारे एकमेकांवर आदळतील आणि हंस तारकासमूहात साध्या डोळ्यांनी नवा तारा दिसेल' हा संदेश अजूनही फिरतो, कधी साल बदलून. टक्करीतून होणारा तो स्फोट झाला नाही, आणि तो भाकितातूनही केव्हाच वगळला गेला आहे.

मूळ अंदाज खरा होता, म्हणजे शास्त्रज्ञानेच केलेला. हंसमधल्या केआयसी 9832227 या ताऱ्यांच्या जोडीतले तारे एकमेकांना इतके खेटून आहेत की त्यांचं बाह्य आवरण सामाईक आहे. साधारण 11 तासांत एकमेकांभोवती एक फेरी. कक्षा आक्रसतेय का, हे ग्रहणांच्या, म्हणजे एक तारा दुसऱ्याला झाकतो त्या वेळांवरून कळतं. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ लॅरी मोल्नर यांना हा फेरीचा काळ वाढत्या वेगाने घटताना दिसला. 2008 मध्ये व्ही 1309 स्कॉर्पाय ही ताऱ्यांची दुसरी जोडी विलीन झाली, त्याआधी नेमकं हेच घडलं होतं. त्यामुळे 2017 मधलं त्यांचं भाकीत हवेतलं नव्हतं.

घोटाळा झाला तो छपाईत. 1999 च्या एका ग्रहणाची वेळ 2004 च्या शोधनिबंधात 12 तासांनी चुकीची छापली गेली. फेरीच 11 तासांची, म्हणून मोल्नर यांच्या हिशेबात फरक उरला जेमतेम तासाभराचा, आणि तो कुणाला खटकला नाही. 2018 मध्ये खगोलशास्त्रज्ञ क्वेंटिन सोशिया आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी तपासून चूक पकडली. मोल्नर यांनीही ती मान्य केली. दुरुस्त वेळ घातल्यावर विलीनीकरणाकडे नेणारा आलेख जुळतच नाही. बातमी मात्र दुरुस्तीपेक्षा जास्त पळाली, नेहमीप्रमाणे.