दीड चौरस मीटरची झोप

मालवाहू जहाजावरच्या खलाशाचा बिछाना किमान केवढा असावा, हे आंतरराष्ट्रीय कराराने ठरवून दिलंय. लांबी १९८ सेंटिमीटर, रुंदी ८० सेंटिमीटर, म्हणजे दीड चौरस मीटरच्या किंचित वर. छत जमिनीपासून निदान २०३ सेंटिमीटर उंच हवं. जहाज १०,००० ग्रॉस टनांचं (हे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप) किंवा त्याहून मोठं असेल, तर एकट्याच्या केबिनला किमान ७ चौरस मीटर जागा मिळते. ३,००० टनांच्या आतल्या जहाजावर साडेचार चालते. त्यात बिछाना, कपाट, बसायची जागा सगळं धरलेलं असतं. साडेचारातला एक तृतीयांशाहून जास्त भाग तर एकटा बिछानाच खातो. हे आकडे आले २००६ च्या सागरी कामगार करारातून. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तो मंजूर केला आणि २० ऑगस्ट २०१३ पासून तो लागू झाला.

केबिन आखणाऱ्याला मात्र चौरस मीटरची चिंता फारशी नसते. जागा अपुरी असणार, हे त्याने पहिल्या दिवशीच गृहीत धरलेलं असतं. हलणाऱ्या, थरथरणाऱ्या, चोवीस तास जाग्या असलेल्या पोलादी खोक्यात, भलत्याच वेळी अंथरुणावर पडलेल्या माणसाला झोप लागेल कशी, ही त्याची खरी डोकेदुखी.

पूर्वी खलाशी डेकवर मिळेल त्या कोपऱ्यात अंग टाकायचे. १४९२ मध्ये कोलंबसच्या माणसांनी कॅरिबियन बेटांवरचे लोक टांगलेल्या झोळ्यांत झोपलेले पाहिले आणि ती कल्पना युरोपच्या जहाजांवर आली. इंग्लंडच्या नौदलाने १५९७ मध्ये झोळ्यांना रीतसर मान्यता दिली. पुढे ब्रिटिश युद्धनौकांवर माणशी १४ इंच, म्हणजे जेमतेम ३५ सेंटिमीटर रुंदी मिळे. निम्मे लोक पहाऱ्यावर असत, म्हणून उरलेल्यांना प्रत्यक्षात दुप्पट जागा होई, एवढाच काय तो दिलासा. सकाळी झोळी गुंडाळून डेकच्या कडेच्या जाळीत खोचली, की झोपायची जागा कामाला मोकळी. लढाईत त्याच गुंडाळ्या गोळ्या आणि लाकडाच्या ढलप्या अडवत. जागा वाचवण्याच्या बाबतीत झोळीला तोड नाही.

शिवाय तिच्यात भौतिकशास्त्राची एक युक्ती फुकट मिळायची. मोठं जहाज एका कुशीवरून दुसरीवर जाऊन परत यायला दहा-पंधरा सेकंद घेतं. झोळीचा स्वतःचा झोका दोनेक सेकंदांचा. एवढ्या संथ डुलण्याशी ती सहज जुळवून घेते आणि डेक कलला तरी तिचा तळ खालीच राहतो. खिळवलेला बंक, म्हणजे अरुंद पलंग, आला तेव्हा पाठ सरळ झाली, कूस बदलता येऊ लागली, पण माणूस जहाजाला जखडला गेला. आता जहाज जिकडे कलेल तिकडे तोही कलणार.

म्हणून पहिला निर्णय असतो तो खोलीच्या जागेचा. जुन्या जहाजांवर साध्या खलाशांना नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाला ठेवत, आणि याहून वाईट जागा सापडणं कठीण. लाटांवर जहाजाची दोन्ही टोकं आळीपाळीने वरखाली होतात. हे डोलणं फक्त २ अंशांचं धरलं, तरी मध्यापासून १०० मीटरवर झोपलेला माणूस मूळ पातळीच्या साडेतीन मीटर वर जातो आणि तेवढाच खाली येतो. मध्यापासून २० मीटरवर हाच प्रवास ७० सेंटिमीटरांचा. माणसांना बंद खोलीत वरखाली हलवून १९७० च्या दशकात प्रयोग झाले, तेव्हा दर पाच-सहा सेकंदांनी एक हेलकावा हा मळमळीला सर्वांत पोषक निघाला. समुद्राच्या लाटांचा ताल बहुतेक वेळा याच्याच आसपास असतो. आताचा करार टक्कररोधक बल्कहेडच्या, म्हणजे धडकेत पाणी अडवायला पुढच्या टोकाजवळ उभारलेल्या आडव्या भिंतीच्या पुढे झोपायची खोली ठेवूच देत नाही. खोल्या मध्यात किंवा मागे आणि भाररेषेच्या (माल भरून जहाज कुठवर बुडू द्यायचं त्या खुणेच्या) वर असाव्यात असं तो सांगतो.

मध्यात? मधली जागा जहाजमालकाला मालासाठी हवी असते. मग राहण्याची इमारत जाते मागे, थेट इंजिन रूमच्या डोक्यावर. खालचे मजले कमी डुलतात, पण तिथे इंजिनाची घरघर जास्त. वरच्या मजल्यांवर शांतता आहे, पण झोके मोठे. कॅप्टनची केबिन ब्रिजजवळ, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या खोलीजवळ, वरच्या भागात असते. म्हणजे हुद्दा वाढतो तसा आवाज कमी होतो आणि झोका वाढतो. २०१३ मध्ये आलेल्या मर्स्कच्या ट्रिपल-ई कंटेनर जहाजांवर ब्रिज आणि राहण्याची इमारत इंजिनापासून तोडून पुढे नेली. कारण साधं होतं: ब्रिजवरून समोरचं पाणी दिसलं पाहिजे, हा नियम सांभाळून जास्त कंटेनर रचता यावेत. खलाशांना त्यातून शांतता मिळाली हा वरकड फायदा.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. इंजिन रूममध्ये ११० डेसिबलपर्यंत आवाज नियमाला मान्य आहे. केबिनसाठी पूर्वी ६० डेसिबलची मर्यादा होती. जुलै २०१४ पासून १०,००० टन आणि त्यावरच्या नव्या जहाजांवर ती ५५ झाली. पाचाचा फरक किरकोळ वाटतो, पण डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराची असते. ५ डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा जवळपास एक तृतीयांश. आता दुसरी बाजू बघा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये निजायच्या खोलीसाठी ३० डेसिबल सुचवले. ५५ आणि ३० मधला ऊर्जेचा फरक तीनशे पटींहून जास्त आहे. नियम पाळणारी केबिनही शांत असेलच असं नाही, ती फक्त पूर्वीपेक्षा बरी असते.

त्यातही हवेतून येणारा आवाज अडवणं त्या मानाने सोपं. पोलादातून येणारा फार चिवट. मिनिटाला ८० फेऱ्या घेणारा पाच पात्यांचा पंखा पाण्याला सेकंदाला सहा-सात ठोसे देतो आणि ते सांगाड्यातून थेट बिछान्याच्या चौकटीपर्यंत पोहोचतात. कानाला कळण्याआधी ते पाठीला कळतात. यावर उपाय म्हणजे तरंगती जमीन: पोलादी डेकवर खनिज लोकरीचा थर, त्यावर वेगळा पत्रा, त्यावर फरशी, आणि केबिनच्या भिंती त्या फरशीवर उभ्या. जमीन आणि डेक यांचा कडक सांधा कुठेच येऊ द्यायचा नाही. एखादा पाइप बांधताना कुणी चुकून भिंत सांगाड्याला टेकवली, तर सगळा खर्च वाया.

भिंतीही दुहेरी काम करतात. दोन पातळ पत्र्यांमध्ये दगडी लोकर भरलेली ही फळी आग रोखून धरते आणि शेजाऱ्याचं घोरणंही. मेसरूमला लागून केबिन असेल तर मधली भिंत ४५ डेसिबल अडवणारी लागते. दोन केबिनमधल्या भिंतीला ३५ पुरतात. माझ्या मते ३५ ची ही अट फारच सैल आहे. पण भिंत जाड केली की जागा जाते, आणि सगळं गाडं पुन्हा चौरस मीटरवर येऊन अडतं.

बिछाना लावायचा कसा, यावर दर्यावर्दी लोकांचं बऱ्यापैकी एकमत आहे: जहाजाच्या लांबीच्या दिशेने. जहाज पुढे-मागे डोलतं त्यापेक्षा कुशीवर जास्त कलतं. आडवा लावलेला बिछाना दर झोक्याला एकदा पाय वर करतो, एकदा डोकं, आणि अंग लांबीत घसरत राहतं. उभा लावला तर माणूस फक्त या कुशीवरून त्या कुशीवर लोळतो. तो खाली पडू नये म्हणून उघड्या बाजूला उंच कड असते. वादळात तीही पुरत नाही. तेव्हा अनुभवी खलाशी लाइफ जॅकेट काढतो आणि गादीच्या बाहेरच्या कडेखाली सारतो. गादी तिरपी होते, भिंत आणि गादी यांच्यात खोबण तयार होते, आणि तिच्यात पाठ घट्ट रुतवून तो झोपतो. स्नायू सैल सोडता येणं हीच यातली मेख. अंग सावरायला दर झोक्याला स्नायू ताणावे लागले तर गाढ झोप येत नाही. चांगल्या केबिनमध्ये सोफा बिछान्याशी काटकोनात ठेवतात तो याचसाठी. डुलणं फारच वाढलं तर उशी उचलून तिकडे जाता येतं.

जहाज कसं डुलेल हे मालावरही ठरतं. लोखंडाच्या खनिजासारखा जड माल तळाशी भरला, की गुरुत्वमध्य खाली जातो आणि जहाज संथपणे कलण्याऐवजी हिसके देत परत येतं. तेव्हा खलाशाची झोप बिघडवण्यात माल भरायची आखणी करणाऱ्या चीफ मेटचाही (कॅप्टनच्या खालोखालचा डेक-अधिकारी) वाटा असू शकतो.

जागा वाचवायची तर ती बिछान्यातून नव्हे, त्याच्या आजूबाजूने. बिछान्याखाली ३० सेंटिमीटरची पोकळी ठेवली तर १९८ गुणिले ८० च्या मापात सुमारे ४७५ लिटर जागा निघते. योगायोग म्हणजे करार कपड्यांच्या कपाटासाठी किमान मागतो तेही ४७५ लिटरच. खणाला उचलून ओढायची खिट्टी लागते, नाहीतर रात्रभर खण उघड-मीट करत बसतो. संडास-बाथरूम कारखान्यातूनच एकसंध खोका म्हणून येतं. शेजारच्या दोन केबिनचे खोके पाठीला पाठ लावून ठेवले की दोघांना एकच पाइपांची खाच पुरते. निर्वात संडासाला उताराची गरज नसते आणि त्याचा पाइपही बारीक लागतो, त्यामुळे छताची उंची वाचते. मात्र त्याचा फुस्सकन येणारा आवाज पलीकडच्याला जागं करतो, म्हणून बिछान्याची डोक्याकडची बाजू त्या भिंतीला कधीच लावू नये.

एकावर एक बंक हा मोह मात्र टाळावा. खालचा बिछाना जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि वरचा त्याच्या नि छताच्या मध्यावर, असं मार्गदर्शन आहे. २०३ सेंटिमीटरच्या खोलीत प्रत्येकाच्या वाट्याला साडेशहाऐंशी सेंटिमीटर येतात. त्यातून गादीची जाडी वजा करा, आणि ताठ बसलं की डोकं आपटलंच. त्याहून मोठी अडचण वेळेची. दोघांच्या पाळ्या वेगळ्या असतील, तर एकाच्या झोपेत दुसऱ्याचा गजर, दिवा आणि बुटांचा आवाज. अमेरिकेच्या लॉस एंजेलिस वर्गाच्या पाणबुड्यांवर तर काही खलाशांना तीन माणसांत दोन बिछाने असत. एक उठला की त्याच्या ऊबदार गादीवर दुसरा. युद्धनौकेचं गणित वेगळं, पण व्यापारी जहाजावर साडेचार मीटरची एकट्याची खोली मी सात मीटरच्या दोघांच्या खोलीपेक्षा केव्हाही पसंत करीन.

कारण पाळ्या अशाही क्रूर असतात. नियमाप्रमाणे चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती हवी. ती दोन तुकड्यांत देता येते, पण एक तुकडा निदान ६ तासांचा लागतो. बंदरात माल चढत असला की हे कोलमडतं. ३ एप्रिल २०१० रोजी शेन नेंग १ हे कोळशाचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर रुतलं. पहाऱ्यावरच्या चीफ मेटला आधीच्या साडेअडतीस तासांत जेमतेम अडीच तास झोप मिळाली होती. त्याची केबिन कशीही असती तरी उपयोग नव्हता. तिच्यात जायलाच वेळ नव्हता.

आणि वेळ असूनही झोप न येण्याचा एक प्रकार आहे. आजकाल बऱ्याच जहाजांवर रात्री इंजिन रूममध्ये कुणी नसतं. काही बिघडलं तर ड्यूटीवरच्या इंजिनिअरच्या केबिनमध्ये घंटा वाजते. १९८८ मध्ये टॉर्सवाल आणि ऑकरस्टेट या झोपेच्या अभ्यासकांनी अशा इंजिनिअरांच्या मेंदूतल्या लहरी झोपेत नोंदवल्या. घंटा एकदाही वाजलेली नसताना, केवळ ती वाजू शकते म्हणून, त्यांची झोप उथळ झालेली दिसली. या बाबतीत भिंती, गादी, पडदे काही करू शकत नाहीत. आखणी करणाऱ्याच्या हाती एवढंच उरतं की इंजिन कंट्रोल रूममध्ये एक निवड-स्विच बसवायचा. घंटा ज्याची पाळी त्याच्याच केबिनमध्ये वाजते आणि बाकीच्या इंजिनिअरांना त्या रात्री तिची वाट पाहावी लागत नाही.