पोटमाळ्यावरची दोन विश्वं

जर्मनीतल्या हाल्ले शहरात एका जुन्या अनाथाश्रमाच्या पोटमाळ्यावर छताला मगर टांगलेली आहे. खाली भिंतीला लागून रंगवलेली लाकडी कपाटं, त्यांत शंख-शिंपले, खनिजं, वाळवलेली झाडं, लांबच्या देशांतून आलेली भांडी आणि कपडे. सगळ्या मिळून सुमारे ३,००० वस्तू. हे कुणा राजाचं संग्रहालय नव्हतं, शाळेचं होतं. शाळाही पक्की धार्मिक. दिवसाची सुरुवात प्रार्थनेनं, शेवटही प्रार्थनेनं.

या वस्तूंमध्ये मला सर्वांत विलक्षण वाटतात त्या विश्वाच्या दोन भल्यामोठ्या प्रतिकृती. कड्यांच्या आत कड्या गुंफून केलेल्या. एकीत सूर्य मध्यभागी आणि पृथ्वी त्याच्याभोवती, म्हणजे कोपर्निकसचं विश्व. दुसरीत पृथ्वी मध्यभागी, तिच्याभोवती सूर्य आणि त्या सूर्याभोवती बाकीचे ग्रह. हे सोळाव्या शतकातल्या डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ट्युको ब्राहेचं विश्व. दोन्ही बनवल्या क्रिस्टोफ सेमलरनं, १७२० च्या आसपास. सेमलर पेशानं पाद्री होता.

सध्या अमेरिकेतल्या ख्रिस्ती शाळांमध्ये, पहिलीपासून आठवीपर्यंतच्या, ‘स्टेम’चं वारं जोरात आहे. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून झालेला हा शब्द २००१ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानातून रूढ झाला. आधी तीच अक्षरं उलटसुलट लावून ‘स्मेट’ म्हणत, ते कानाला बरं वाटेना म्हणून फिरवली. चर्चच्या शाळेत रोबो, पुठ्ठ्याचे पूल आणि त्रिमितीय छपाईचं यंत्र आलं की पुष्कळांना ते बाहेरून आणून चिकटवल्यासारखं वाटतं. हाल्लेच्या पोटमाळ्यावर उभं राहिलं तर चित्र वेगळं दिसतं. मुलाच्या हातात वस्तू देऊन शिकवायची पद्धत युरोपात ज्यांनी नेटानं रुजवली, त्यांत या पाद्र्यांचा नंबर फार वरचा आहे.

१६९५ साली हाल्लेजवळच्या ग्लाउखा या गरीब वस्तीत आउगुस्ट हेरमान फ्रांके नावाचा पाद्री होता. त्याच्या घरच्या दानपेटीत कुणीतरी ४ थालर १६ ग्रोशेन टाकले. एवढ्या भांडवलावर काहीतरी धड करायला हवं असं म्हणून त्यानं गरीब मुलांची शाळा काढली. पुढे अनाथाश्रम झाला, छापखाना आला, औषधालय आलं. १७२७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या शाळांत २,००० हून जास्त मुलं-मुली शिकत होती. वस्तुसंग्रह १६९८ पासूनचा, आज दिसणारी त्याची मांडणी मात्र गोटफ्रीड आउगुस्ट ग्रुंडलर या चित्रकारानं १७४० च्या सुमारास लावली.

फ्रांकेचा विचार सरळ होता. सृष्टी देवाची, तेव्हा ती नीट पाहणं हीसुद्धा भक्तीच. आणि पोटाला धंदा लागतो, तेव्हा हातालाही काही यायला हवं. त्याच्या शाळेतली मुलं लेथवर लाकूड कातायची, भिंगं घासायची, कारागिरांच्या कामाच्या जागी जाऊन बघायची. यात एक गंमत आहे. हे सारं चालायचं ते मधल्या सुटीत, कारण नुसतं खेळणं म्हणजे वेळेची नासाडी, अशी फ्रांकेच्या कडक प्रोटेस्टंट पंथाची समजूत होती. ‘खेळातून शिक्षण’ म्हणून आज जे मिरवलं जातं, त्यातला काही भाग खेळायला बंदी होती म्हणून जन्माला आला!

सेमलर त्याहून एक पाऊल पुढे गेला. १७०८ साली त्यानं गरीब मुलांसाठी ‘गणिती आणि यांत्रिक’ शाळा काढली. नुसते शब्द घोकून काय होणार, मुलाला वस्तू दिसली पाहिजे, हा त्याचा हट्ट. म्हणून घड्याळ, घर, गिरणी, नांगर, युद्धनौका यांच्या प्रतिकृती. शाळा फार टिकली नाही, कल्पना टिकली. हाल्लेत शिकलेल्या आणि तिथेच शिकवलेल्या योहान युलियस हेकरनं १७४७ मध्ये बर्लिनला तशीच शाळा काढली. त्या शाळेला बाग होती आणि बागेत तुतीची झाडं.

आता त्या दोन विश्वांकडे परत येऊ. सेमलर पाद्री होता म्हणून त्यानं पृथ्वी मध्यभागी ठेवणारी प्रतिकृतीही केली, असं म्हणून मोकळं होता येईल. पण त्या काळात या दोघांतलं खरं कोणतं हे आकाशाकडे बघून ठरवणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. हे कुठल्याही शाळेत सहावी-सातवीच्या मुलांना करून बघता येतं आणि खर्च जवळजवळ नाही.

खोलीत अंधार करा. मध्ये स्टुलावर एक दिवा, तो सूर्य. चार-पाच पावलांवर एक मुलगी खुर्चीवर, ती पृथ्वी. दुसऱ्या मुलाच्या हातात पांढरा चेंडू, तो शुक्र. प्राचीन टॉलेमीच्या मांडणीत शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या जागेत छोटं वर्तुळ काढत फिरतो, सूर्याच्या पलीकडे कधीच जात नाही. चेंडू तसा फिरवा. खुर्चीतल्या मुलीला कधी बारीक कोर दिसेल, कधी चेंडू पूर्ण काळा दिसेल, पण पौर्णिमेसारखा उजळलेला कधीच दिसणार नाही. आता चेंडू दिव्याच्या भोवती, पार मागून फिरवून आणा. मागे गेला की तो लहान दिसतो आणि जवळजवळ पूर्ण उजळलेला. पुढे आला की मोठा दिसतो आणि नुसती कोर उरते. १६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून शुक्र असाच दिसू लागला. खऱ्या आकाशात शुक्राच्या लहान-मोठ्या दिसण्यात सहापटीहून जास्त फरक पडतो. टॉलेमी त्या वर्षी हरला.

इथे थांबलं तर धडा छान होतो, पण अर्धा राहतो. आता तिसरी मांडणी करा. दिवा एका मुलाच्या हातात द्या आणि त्याला खुर्चीभोवती फिरायला सांगा. चेंडूवाल्यानं त्या चालत्या दिव्याभोवती फिरायचं. हे ट्युकोचं विश्व. मुलीनं खुर्चीतून उठायचं नाही, फक्त दिव्याच्या दिशेनं वळत राहायचं आणि चेंडू कसा दिसतो ते सांगायचं. ती सांगेल ते मघासारखंच असेल. कोर तशीच, पूर्ण बिंब तसंच, लहान-मोठं होणं तसंच. मांडणी सगळी उलटली, दिसण्यात काडीचा फरक नाही. चेंडूवाला पोरगा मात्र एव्हाना घामाघूम झालेला असतो, कारण त्याच्या पायांना दोन्ही विश्वांतला फरक चांगलाच कळलेला असतो.

मग निकाल लागला कसा? त्यासाठी पावसात जावं लागेल. वारा नाही, सर सरळ खाली पडते आहे. उभे असाल तर छत्री डोक्यावर सरळ धरता. भराभर चालू लागलात की ती आपोआप पुढे झुकवता, नाहीतर गुडघे भिजतात. पाऊस सरळच आहे, तुमच्या चालण्यामुळे तो समोरून आल्यासारखा वाटतो. ताऱ्याच्या प्रकाशाचंही तसंच. पृथ्वी खरोखर सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगानं धावत असेल, तर दुर्बिणीलाही छत्रीसारखं किंचित पुढे झुकावं लागेल. प्रकाशाचा वेग तिच्या दहा हजारपट, म्हणून झुकणं अगदी थोडं, एका अंशाचा साधारण १८० वा भाग. सहा महिन्यांनी पृथ्वी उलट दिशेनं धावत असते, तेव्हा झुकणंही उलट. इंग्लंडमध्ये जेम्स ब्रॅडलीनं हे मोजलं आणि १७२९ मध्ये जाहीर केलं. म्हणजे सेमलरच्या प्रतिकृती तयार होऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ तोवर कोपर्निकसकडे झुकलेले होते हे खरं, पण पृथ्वी धावते याचा असा थेट पुरावा तेव्हा हाती आला.

पृथ्वी जागा बदलते तर जवळचे तारेही किंचित सरकलेले दिसायला हवेत. ते सरकणं पकडायला १८३८ उजाडलं. फ्रीडरिश बेसेलनं हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्यासाठी जो कोन मोजला, तो किती? साडेचौदा किलोमीटरवरून रुपयाचं नाणं जेवढं दिसेल, तेवढा. कल्याणला उभं राहून ठाण्यातलं नाणं बघण्यातलाच हा प्रकार.

मी ज्या शाळेत शिकलो तिथे प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असे आणि किल्ली कुणाकडे हे वार्षिक तपासणीच्या दिवशीच कळे. म्हणून ‘हाताने करून बघा’ म्हटलं की माझं मन लगेच विरघळतं. पण संशोधनाकडे थंड डोक्यानं पाहायला हवं. २०१५ साली शिकागोतल्या संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सायकलची दोन चाकं एका आसावर बसवलेली. ती फिरवून आस तिरका करायला गेलं की हाताला विचित्र रेटा जाणवतो. काहींनी तो आस हातात धरला, काहींनी शेजारी बसून नुसता पाहिला. नंतरच्या परीक्षेत धरणाऱ्यांची उत्तरं सरस निघाली आणि त्या प्रश्नांचा विचार करताना त्यांच्या मेंदूतले हालचाल व स्पर्श सांभाळणारे भाग जास्त जागे दिसले. हाताला लागलेला रेटा डोक्यात उरला होता.

दुसरी बाजूही आहे. २००६ मध्ये तीन शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी एक गाजलेला लेख लिहून बजावलं की नवशिक्या मुलाला साहित्य देऊन ‘शोध तुझं तूच’ म्हणून सोडलं, तर त्याची तोकडी तात्पुरती स्मृती साहित्य हाताळण्यातच खर्ची पडते, शिकायला काही उरत नाही. मला हे पटतं. शुक्राच्या खेळात कुणी ‘आता दिसण्यात काय बदललं?’ असं विचारलंच नाही, तर तो निव्वळ अंधारातला दंगा. आणि पायरी एक, पायरी दोन असं छापील कागद बघून जोडलेला महागडा रोबो म्हणजे तयार पिठाच्या पाकिटाची इडली. पोट भरतं, पीठ आंबतं कसं ते कळत नाही.

ख्रिस्ती शाळा म्हटलं की उत्क्रांतीचा प्रश्न येतोच. कॅथलिक चर्चनं या बाबतीत दार बरंच उघडलं आहे. दुसरे पोप जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांतीला नुसत्या गृहीतकाहून अधिक मानलं. पण अमेरिकेतल्या कित्येक प्रोटेस्टंट शाळा सहा दिवसांतल्या निर्मितीवर ठाम आहेत. माझी एक खोडसाळ शंका आहे. स्टेममधलं तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी अशा शाळांना सोयीचं पडतं, कारण पुठ्ठ्याचा पूल कुणाच्या श्रद्धेला धक्का देत नाही. खडकांचे थर मोजणं आणि जीवाश्म हाताळणं हेही हातानेच करायचं विज्ञान आहे, त्याला तितका उत्साह दिसत नाही. सेमलरनं दोन विश्वं बनवली, एक झाकून ठेवलं नाही. यासाठी मला त्याचं कौतुक वाटतं.

या हाल्लेचा एक धागा आपल्या भाषेपर्यंत येतो. तिथे शिकलेले मिशनरी १७०६ पासून डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयानं तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला येऊ लागले. १७५० मध्ये आला ख्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्झ, आणि पुढे तो तंजावरच्या मराठी राज्यात स्थिरावला. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या मुलाची जबाबदारी मरताना त्याच्यावर टाकली. तो मुलगा म्हणजे सरफोजी. व्यंकोजी राजांच्या गादीचा वारस हाल्लेच्या पाद्र्याच्या हाताखाली शिकला. १७९८ मध्ये तो गादीवर बसला, १७९९ मध्ये कंपनीनं राज्यकारभार काढून घेतला आणि त्याच्याकडे किल्ला, तनखा आणि भरपूर वेळ उरला.

त्या वेळात त्यानं शाळा काढल्या, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, विजेचं यंत्र आणि हवा ओढून घेणारा पंप आणवला. तंजावरात देवनागरी छापखाना घातला आणि १८०६ मध्ये तिथून इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावानं मराठीत छापून निघाल्या. १८२६ साली बिशप हेबर त्याला भेटला तेव्हा लाव्हाझिए, लिनियस, ब्युफाँ या युरोपीय शास्त्रज्ञांचे दाखले राजाच्या तोंडी सहज येताना ऐकून थक्क झाला. सरफोजींच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटकही आहे. कुरवंजी हा तमिळ प्रकार, त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते आणि गाते. एरवी ती नायिकेचा हात बघून प्रियकराची बातमी देते. इथे ती जगाचा भूगोल गाऊन सांगते.

श्वार्ट्झवर राजाची माया होती. त्याच्या स्मरणार्थ सरफोजींनी इंग्लंडच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं, ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. मरणशय्येवरचा पाद्री आणि त्याचा हात धरलेला राजा. राजा ख्रिस्ती मात्र कधी झाला नाही. देवपूजा, सोवळं-ओवळं सगळं तसंच राहिलं. त्यामुळे शरीरशास्त्र शिकताना पंचाईत झाली, कारण मेलेल्या माणसाच्या हाडांना शिवायचं कसं? सरफोजींनी इंग्लंडहून सांगाडा मागवला, हस्तिदंती.