न्वार प्रकाशयोजना

न्वार प्रकाशयोजना : गुन्हेपटांत, विशेषतः फिल्म न्वार आणि निओ-न्वार या प्रकारांत, मोजके कडक दिवे आणि त्यांच्या वाटेत धरलेले आडोसे यांच्या साहाय्याने पडद्यावर अंधार घडवण्याची छायाचित्रण-पद्धत. ‘न्वार’ म्हणजे फ्रेंच भाषेत काळा. फ्रेंच समीक्षक नीनो फ्रँक यांनी १९४६ मध्ये अमेरिकी गुन्हेपटांसाठी हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. याच परंपरेतल्या, पण बहुतेक रंगीत असलेल्या पुढच्या काळातील चित्रपटांना निओ-न्वार म्हणतात.

गुप्तहेरकथा माहिती हातची राखून पुढे सरकते. न्वार प्रकाशयोजना तेच काम चौकटीत करते : संशयिताचा अर्धा चेहरा दिसतो, अर्धा दिसत नाही. त्यासाठी दिवे कमी केले की झाले, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. कमी प्रकाशात चित्र काळे होत नाही, करडे आणि मळकट होते. काळा रंग हवा असेल तर चौकटीत कुठेतरी झगझगीत पांढरे असावे लागते, आणि बाकीच्या जागी प्रकाश पोचू नये म्हणून तो ठरवून अडवावा लागतो. म्हणून न्वारच्या सेटवर दिव्यांपेक्षा कटर जास्त लागतात. कटर म्हणजे स्टँडवर लावलेले काळ्या कापडाचे किंवा पत्र्याचे आडोसे. हंगेरीत जन्मलेले हॉलिवूडचे छायाचित्रकार जॉन आल्टन यांनी या कामावर १९४९ मध्ये ‘पेंटिंग विथ लाईट’ हे पुस्तक लिहिले. प्रत्यक्ष काम करणाऱ्या छायाचित्रकाराने लिहिलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते.

भिंतीवर पडलेल्या खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या ही या शैलीची ओळखीची खूण, आणि नवख्याची पहिली फजितीही तिथेच होते. झडपांचा पडदा टांगला, मागे दिवा लावला, तरी भिंतीवर पट्टे उमटतच नाहीत, नुसता धुरकट उजेड पडतो. याचे कारण शाळेत शिकलेल्या प्रच्छाया-उपछायेत आहे. दिवा बिंदूएवढा नसतो. त्यामुळे प्रत्येक सावलीच्या कडेला उपछायेची पुसट पट्टी असते. तिची रुंदी काढायची तर दिव्याच्या तोंडाच्या रुंदीला झडप ते भिंत या अंतराने गुणायचे आणि दिवा ते झडप या अंतराने भागायचे. समजा, ३० सेंमी भिंगाचा दिवा (आपल्याकडचे लाईटमन याला ‘सोलर’ म्हणतात) झडपांपासून ३ मी. वर आहे आणि भिंत झडपांच्या पलीकडे १ मी. वर. पुसट कड १० सेंमी रुंद होते. झडपांमधले अंतर ५ सेंमी असेल तर भिंतीवर पट्टे साधारण ६.७ सेंमी अंतराने पडायला हवेत. कडच त्याहून रुंद असल्याने शेजारच्या सावल्या एकमेकींत विरघळतात.

यावर उपाय तीन. पहिला, दिवा मागे न्यायचा : ९ मी. वर नेला की कड ३.३ सेंमी होते, पण भिंतीवरचा प्रकाश सुमारे सव्वासहापटीने घटतो, म्हणजे अडीच स्टॉपहून थोडा जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे), आणि तेवढा मोठा दिवा आणावा लागतो. दुसरा, झडपा भिंतीच्या जवळ आणायच्या. छोट्या खोलीत हेच सोयीचे. तिसरा, दिव्याचे भिंग काढून टाकायचे. मग प्रकाशाचा उगम म्हणजे जेमतेम दोन-तीन सेंमीची फिलामेंट उरते, आणि त्याच ३ मी. वरून कड एक सेंमीच्या आत येते. मात्र उघडा तापलेला बल्ब फुटू शकतो, म्हणून त्याच्यापुढे तारेची जाळी हवीच. भिंग काढायचे नसेल तर दिवा ‘स्पॉट’वर (अरुंद झोत) न ठेवता ‘फ्लड’वर (पसरट झोत) ठेवावा. स्पॉटवर अख्खे भिंग प्रकाशाने भरून जाते आणि तेच उगमस्थान ठरते. फ्लडवर बल्ब भिंगाच्या जवळ सरकतो, उगम लहान दिसतो आणि सावली कापल्यासारखी येते. ‘स्पॉट म्हणजे धारदार’ अशी समजूत असल्याने बरेच जण नेमके उलटे करतात.

सावली धारदार हवी तर दिवा लांब असावा लागतो; पार्श्वभूमी काळी हवी तर जवळ. ही ओढाताण व्यस्त वर्ग नियमातून येते. दिवा चेहऱ्यापासून १ मी. वर असेल आणि भिंत चेहऱ्यामागे आणखी १ मी. वर, तर भिंतीला एक चतुर्थांश प्रकाश मिळतो, म्हणजे ती दोन स्टॉप काळी पडते. हाच दिवा चेहऱ्यापासून ३ मी. वर नेला तर चेहरा भिंतीपेक्षा फक्त १.७८ पट उजळ राहतो; एक स्टॉपचाही फरक पडत नाही. म्हणून अनुभवी छायाचित्रकार दिवा लांबच ठेवतात आणि भिंतीकडे जाणारा भाग कटरने कापतात. कटर दिव्याला खेटून लावला तर त्याची कड पुसट येते. दिव्यापासून दूर, भिंतीच्या बाजूला सरकवला की कड रेखीव होते. सूत्र तेच, उपछायेचे.

चेहऱ्यावर मुख्य दिवा आणि सावली भरणारा दिवा यांचे प्रमाण साधारण ८ ला १ (तीन स्टॉप) ते १६ ला १ (चार स्टॉप) ठेवतात. नेहमीच्या कौटुंबिक चित्रपटात ते २ ला १ असते. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत मात्र वेगळा दिवा न लावताही सावल्या आपोआप भरून येतात, कारण भिंतीच प्रकाश परत फेकतात. तिथे सावलीच्या बाजूला काळे कापड टांगावे लागते.

फेल्ट हॅटची सावली हा जवळून पाहण्याजोगा तपशील. हॅटची काठ ६ सेंमी पुढे आली असेल आणि दिवा ४५ अंशांवर असेल, तर सावलीची रेषा काठाच्या पातळीखाली ६ सेंमीवर पडते. डोळे बुडतात, नाक-ओठ उजळ राहतात. ६० अंशांवर ती १० सेंमीवर उतरते आणि जवळजवळ तोंडापर्यंत काळोख येतो. ३० अंशांवर साडेतीन सेंमीच. डोळे उघडे पडतात. नटाने मान दहा अंश झुकवली की सगळे गणित हलते, त्यामुळे दिव्याची उंची नटाच्या जागी उभ्या केलेल्या माणसावर (स्टँड-इन) न ठरवता, नट संवाद म्हणताना मान जशी ठेवणार तशी ठेवायला लावून ठरवावी. डोळे पूर्ण बुडाले तर माणूस मेलेला वाटतो. म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगालगत अगदी मंद छोटा दिवा लावतात. तो चेहरा उजळत नाही, फक्त बुबुळावर ठिपका उमटवतो.

रात्रीचा रस्ता ओला करण्याची चाल सौंदर्यासाठी तर आहेच, पण तिच्यामागे विजेची मोठी बचत आहे. कोरडे डांबर खडबडीत असते. त्यावर पडलेला प्रकाश अनियमित परावर्तनाने चहूकडे विखुरतो आणि कॅमेऱ्याकडे फार थोडा येतो. पाण्याचा थर खडबडीतपणा भरून काढतो आणि नियमित परावर्तन सुरू होते. त्याच वेळी डांबरावरून विखुरलेल्या प्रकाशाचा काही भाग थराच्या आतच पूर्ण आंतरिक परावर्तनाने अडकतो, म्हणून जिथे दिव्याचे प्रतिबिंब नाही तिथे ओला रस्ता कोरड्यापेक्षाही काळा दिसतो. काळे अधिक काळे, पांढरे अधिक पांढरे, आणि तेही बादल्यांच्या हिशोबात! सरळ वरून पाहिले तर पाणी फक्त २ टक्के प्रकाश परावर्तित करते. पृष्ठाच्या लंबाशी ८० अंशांच्या तिरक्या कोनात सुमारे ३५ टक्के. म्हणून कॅमेरा जमिनीलगत आणि दिवा समोरून, कॅमेऱ्याच्या दिशेने. कॅमेऱ्याच्या मागून दिवा टाकला तर ओल्या रस्त्याचा काही उपयोग होत नाही; प्रकाश पुढे निघून जातो. दिवसा लावलेला पोलरायझर फिल्टर (परावर्तित चकाकी अडवणारी काच) रात्री काढायचा राहिला तर ५३ अंशांच्या आसपासची प्रतिबिंबे गायब होऊ शकतात. प्रत्येक टेकपूर्वी पुन्हा पाणी मारावे, नाहीतर दोन शॉटमध्ये रस्ता वाळलेला दिसतो. केबलचे जोड जमिनीपासून उंच, खोक्यांवर ठेवणे आणि गळती-संरक्षक स्विच असणे याला पर्याय नाही.

धुराचेही तसेच. हवेतील सूक्ष्म कणांमुळे प्रकाशाचे विकिरण होते आणि त्यातले बरेचसे पुढच्या दिशेने होते. म्हणून दिवा कॅमेऱ्यासमोर, जरा बाजूला असला की झोत दिसतो. दिवा कॅमेऱ्याच्या पाठीशी असला की सगळे चित्र दुधाळ होते. आपल्याकडे पूर्वी लोबान जाळत, आता धुक्याची यंत्रे आहेत. धूर सोडून पंख्याने सारखा पसरवावा, पंखा बंद करून काही मिनिटे थांबावे आणि मगच कॅमेरा सुरू करावा. वातानुकूलन चालू राहिले तर झोत डोळ्यांदेखत फाटतो.

रंगीत निओ-न्वारने काळ्या-पांढऱ्याच्या जागी उबदार-थंड असा विरोध आणला. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा लहान तितका उजेड पिवळसर. टंगस्टनचा दिवा ३२०० केल्विन, दिवसाचा उजेड ५६०० केल्विन, उच्चदाब सोडियम सुमारे २१०० केल्विन. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश मात्र जवळजवळ सगळा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो. त्यात लाल साडी आणि निळा सदरा दोन्ही पिवळट-करडेच दिसतात, आणि नंतर कितीही रंगदुरुस्ती केली तरी नसलेला रंग परत येत नाही. २०१५ मध्ये मरीन ड्राईव्हवर पिवळ्या दिव्यांच्या जागी पांढरे एलईडी लागले तेव्हा मुंबईकरांनी ‘राणीचा हार’ हरवल्याची तक्रार केली. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ती तक्रार अगदी रास्त होती. दुसरी अडचण लुकलुकण्याची. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिव्याची तीव्रता सेकंदाला १०० वेळा वर-खाली होते. सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रणात १८० अंशांचे शटर (म्हणजे फिरणाऱ्या चकतीचा अर्धा भाग उघडा) १/४८ सेकंद उघडे राहते आणि निऑनच्या पाट्या धडधडू लागतात. शटर १७२.८ अंशांवर ठेवले की वेळ बरोबर १/५० सेकंद होते, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याचे पूर्ण दोन चढउतार मावतात.

डिजिटल कॅमेऱ्याने अंधारात पाहण्याची ताकद वाढली, तरी संवेदकावर पोचणाऱ्या फोटॉनांचा (प्रकाशकणांचा) हिशोब बदललेला नाही. एका बिंदूवर १०,००० फोटॉन आले तर त्यात सुमारे १०० ची, म्हणजे १ टक्क्याची अनिश्चितता असते. १०० च आले तर १० ची, म्हणजे १० टक्क्यांची. सावल्यांत मुंग्या चालल्यासारखी खळबळ दिसते ती हीच. म्हणून सेटवर एक स्टॉप जास्त प्रकाश घेऊन, प्रमाण तेच ठेवून, नंतर चित्र खाली उतरवणे शहाणपणाचे.

मुंबईत या शैलीची मुळे अमेरिकेइतकीच जर्मनीतही शोधावी लागतात. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये आलेले जर्मन छायाचित्रकार योझेफ विर्शिंग यांनी ‘महल’ (१९४९) चित्रित केला. पुढे गुरुदत्त यांच्या ‘जाल’ (१९५२) आणि ‘आरपार’ (१९५४) मध्ये व्ही. के. मूर्ती यांनी मुंबईच्या गुन्हेपटाला स्वतःचा उजेड दिला. मूर्तींचे सर्वांत नावाजलेले काम मात्र गुन्हेपटात नाही. ‘कागज के फूल’ (१९५९) मधला प्रकाशाचा प्रसिद्ध झोत त्यांनी बाहेरचे ऊन आरशांवरून स्टुडिओत वळवून मिळवला. दिव्याचा झोत पुढे जाताना पसरतो. सूर्यकिरण जवळजवळ समांतर असल्याने दूरवरही तो आखीव राहतो. हे आज करून पाहायचे तर अडचण सूर्याच्या चालीची. तो चार मिनिटांत सुमारे एक अंश सरकतो आणि २० मी. लांबीच्या झोताचे टोक तेवढ्यात ३५ सेंमीपर्यंत हलते. आरसा अर्धा अंश फिरवला की परावर्तित किरण एक अंश फिरतो, म्हणजे मीटरभर रुंद आरशाची कड चार मिनिटांत जेमतेम ४ मिमी हलवावी लागते. हे काम हाताने नीट होत नाही. आरशाच्या चौकटीला बारीक आट्यांचा स्क्रू लावावा आणि त्यापाशी एक माणूस शॉट संपेपर्यंत बसवून ठेवावा.