लिबरल आर्ट्स महाविद्यालये आणि त्यांची प्रवेशपद्धती

लिबरल आर्ट्स महाविद्यालय म्हणजे चार वर्षांचे पदवीशिक्षण देणारी, बहुधा निवासी आणि मुद्दाम लहान ठेवलेली शिक्षणसंस्था. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत रुजला. नावातील ‘आर्ट्स’मुळे आपल्याकडे ही कला शाखा समजली जाते, पण तो गैरसमज आहे. गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र हे विषय तिथे साहित्य-तत्त्वज्ञानाइतक्याच कसून शिकवले जातात. इंटिग्रेटेड सर्किटच्या जनकांपैकी एक आणि इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस आयोवातील ग्रिनेल महाविद्यालयाचे पदवीधर होते.

संज्ञा जुनी आहे. गुलाम नसलेल्या, स्वतंत्र नागरिकाला साजेशा विद्या असा लॅटिनमधला तिचा मूळ अर्थ. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्कशास्त्र, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र अशा सात विद्या त्यात मोजत. अमेरिकेत विल्यम्स (१७९३), बोडन (१७९४), ॲमहर्स्ट (१८२१), ओबर्लिन (१८३३) ही महाविद्यालये निघाली. मेरी लायन यांनी १८३७ मध्ये मुलींसाठी माउंट होल्योक सुरू केले. पुढे संशोधनावर भर देणाऱ्या जर्मन धाटणीच्या विद्यापीठांचे वारे आले, हार्वर्ड-येल विस्तारत गेली, पण या संस्थांनी लहान राहणेच पसंत केले. विल्यम्सचा मराठी मुलखाशी थेट धागा आहे. तिथून १८०८ मध्ये पदवी घेतलेले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनच्या कामाची सुरुवात झाली. मुंबईतल्या आरंभीच्या काही शाळा याच मिशनच्या.

विल्यम्समध्ये आज साधारण २,००० विद्यार्थी आहेत. एवढ्या पटसंख्येच्या संस्थेत शिकवण्याची रीतच बदलते. तिथल्या ‘ट्युटोरियल’ वर्गात दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक असतात. एका आठवड्यात एकाने निबंध लिहून वाचायचा, दुसऱ्याने त्याची चिकित्सा करायची आणि पुढच्या आठवड्यात भूमिका बदलायच्या. अशा वर्गात मागच्या बाकावर लपता येत नाही. पीएच.डी.चे विद्यार्थी नसल्यामुळे प्रयोगशाळेत प्राध्यापकाच्या हाताखाली पदवीचीच मुले काम करतात. मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाअखेर ठरवायचा असतो. ॲमहर्स्टमध्ये तर पहिल्या वर्षाचे एक चर्चासत्र आणि मुख्य विषयाच्या अटी सोडल्या, तर सक्तीचा अभ्यासक्रमच नाही.

प्रवेशाची रीत याच लहानपणातून समजते. आपल्याकडे गुणवत्ता यादी लागते, कटऑफ ठरतो आणि अर्ध्या टक्क्याने कुणाचा तरी प्रवेश हुकतो. या महाविद्यालयांत मात्र एकेका उमेदवाराला क्रमांक देण्याऐवजी प्रवेश समिती एक तुकडी जमवते. चार वर्षे एकत्र राहणारी, एकाच भोजनगृहात जेवणारी, एकमेकांच्या वर्गात बोलणारी मुले कोणती असावीत, हा तिच्यापुढचा प्रश्न असतो. त्यात चेलो वाजवणारा हवा, शेतकऱ्याच्या घरातली मुलगी हवी, ग्रीक शिकायला उत्सुक असणारे कुणीतरी हवे. म्हणून शाळेतील गुणांबरोबर निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे, वर्गाबाहेरची कामे आणि काही ठिकाणी मुलाखतही पाहतात. निवडलेले विषय किती अवघड होते आणि त्या शाळेत कोणते विषय उपलब्धच नव्हते, हेही तपासतात. बोडनने १९६९ मध्येच एसएटी या प्रवेशासाठीच्या प्रमाणित चाचणीची सक्ती काढून टाकली. अनेक महाविद्यालयांना एकच अर्ज करण्याची ‘कॉमन ॲप्लिकेशन’ची सोय १९७५ मध्ये १५ खासगी महाविद्यालयांनी मिळून सुरू केली.

या पद्धतीचा इतिहास मात्र निर्मळ नाही. ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहण्याची प्रथा १९२० च्या दशकात हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या रोखण्यासाठी वापरली. गुणांच्या पलीकडे माणूस पाहण्याची मुभा पूर्वग्रहालाही दार उघडते, हे विसरून चालणार नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप हा असाच अन्याय होता. ॲमहर्स्टने ते २०२१ मध्ये बंद केले. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली, मात्र वंशामुळे आयुष्यात काय वाट्याला आले, हे उमेदवार निबंधात लिहू शकतो.

सर्वांत मोठा अडसर पैशाचा. या महाविद्यालयांचे शुल्क प्रचंड असते. त्यामुळे अर्ज वाचताना कुटुंबाची ऐपत पाहतात की नाही, हा प्रश्न निर्णायक ठरतो. न पाहता निवड करण्याला ‘नीड-ब्लाइंड’ म्हणतात. अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी हे धोरण पाळणाऱ्या कित्येक संस्था परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ऐपत पाहतात. ॲमहर्स्टने २००८ मध्ये आणि बोडनने २०२२ मध्ये हा भेद काढला. मदतीची गरज असलेल्या पुण्या-नागपूरच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या नावाआधी हे धोरण वाचावे. ‘अर्ली डिसिजन’ हा बंधनकारक अर्ज साधारणपणे नोव्हेंबरमध्ये करायचा असतो आणि निवड झाली की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. चार ठिकाणची मदत पडताळून पाहण्याची संधी त्यात जाते, म्हणून तो श्रीमंत घरांना अधिक सोयीचा पडतो.

भारतात पुण्याचे फ्लेम विद्यापीठ, सिंबायोसिसची लिबरल आर्ट्स संस्था आणि हरियाणातील अशोका विद्यापीठ या वाटेने गेली आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील ६४ कलांचा दाखला देत अशा बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला आहे.