संसर्गरोगतज्ज्ञाचे विद्यापीठीय प्रशिक्षण

संसर्गरोगतज्ज्ञाचे प्रशिक्षण : जीवाणू, विषाणू, कवक आणि परजीवी यांच्यामुळे होणाऱ्या रोगांचे निदान, उपचार व प्रतिबंध यांत प्रावीण्य मिळवण्यासाठी डॉक्टरने वैद्यकीय पदवीनंतर विद्यापीठाच्या रुग्णालयात घेतलेले अनेक वर्षांचे शिक्षण. हृदयरोगतज्ज्ञाला हृदय असते, मूत्रपिंडतज्ज्ञाला मूत्रपिंड. संसर्गरोगतज्ज्ञाच्या वाट्याला असा एकही अवयव येत नाही. तो मेंदूच्या आवरणापासून पायाच्या हाडापर्यंत कुठेही बोलावला जातो. हाताने करायच्या प्रक्रियाही या शाखेत जवळजवळ नाहीत. त्यामुळे या वर्षांमध्ये शिकायची असते ती विचार करण्याची एक शिस्त: रुग्णाला काय विचारायचे, शरीरावर काय शोधायचे, प्रयोगशाळेच्या कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवायचा आणि औषध केव्हा थांबवायचे.

मराठीतल्या नावामुळे थोडी गफलत होते. 'संसर्गजन्य' म्हटले की एकापासून दुसऱ्याला लागणारा, साथीचा रोग डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात या तज्ज्ञाकडे येणारे कितीतरी रुग्ण कोणालाही काही लावत नाहीत. हृदयाच्या झडपेवर बसलेला जंतू, कृत्रिम गुडघ्याभोवतीचा पू, मधुमेही पायातली हाडाची कुज, केमोथेरपीनंतर फुप्फुसात वाढलेली बुरशी, हे त्याचे रोजचे काम. साथ आली की हाच डॉक्टर पुढे उभा दिसतो, पण त्याची घडण साथ नसतानाच्या काळात होते.

इतिहास. एकोणिसाव्या शतकात देवी, घटसर्प, विषमज्वर यांच्या रुग्णांसाठी गावाबाहेर वेगळी रुग्णालये असत आणि तिथे काम करत करतच डॉक्टर शिकत. उष्णकटिबंधातील रोगांसाठी लिव्हरपूल येथे १८९८ मध्ये आणि लंडन येथे १८९९ मध्ये स्वतंत्र शिक्षणसंस्था निघाल्या. त्यामागे वसाहतींचा व्यापार आणि प्रशासन टिकवण्याची गरज होती. आजच्या अर्थाची विशेषशाखा मात्र पेनिसिलिननंतरची. औषधे आली, त्यांच्यामागोमाग त्यांना न जुमानणारे जंतू आले, आणि कोणते औषध कोणाला, किती, किती दिवस हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला. बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये मॅक्सवेल फिनलंड यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुण डॉक्टरांनी पुढे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत हे विभाग उभे केले. १९६३ मध्ये तिथे संसर्गरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष फिनलंडच. १९७२ पासून या शाखेची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली.

या इतिहासातला एक प्रसंग प्रत्येक प्रशिक्षणार्थीला कधी ना कधी ऐकवला जातो. रॉबर्ट पीटर्सडॉर्फ हे स्वतः या शाखेतले मोठे नाव. १९६१ मध्ये पॉल बीसन यांच्याबरोबर त्यांनी 'कारण न सापडणाऱ्या तापा'ची व्याख्या घालून दिली: ३८.३ अंश सेल्सियसच्या वर अनेकदा गेलेला, तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला आणि रुग्णालयात आठवडाभर तपासण्या करूनही न उलगडलेला ताप. याच पीटर्सडॉर्फ यांनी १९७८ मध्ये एका लेखात लिहिले की, आणखी तीनशेहून अधिक संसर्गरोगतज्ज्ञ तयार करण्याची काही गरज दिसत नाही. एकमेकांचेच नमुने तपासत बसायचे असेल तर गोष्ट वेगळी. देवी जगातून हटत होती, प्रतिजैविके हाताशी होती, तेव्हा हे म्हणणे वेडगळ नव्हते. पण अवघ्या तीन वर्षांनी, जून १९८१ मध्ये, लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली. पुढे तो आजार एड्स म्हणून ओळखला गेला आणि या शाखेचे सारे स्वरूप पालटले.

देशोदेशींची रचना. मार्ग दोन प्रकारचे आहेत. काही देशांत आधी मेडिसिन किंवा बालरोग या मूळ शाखेत तज्ज्ञ व्हायचे आणि मग ही उपशाखा घ्यायची. अमेरिकेत मेडिसिनच्या तीन वर्षांच्या रेसिडेन्सीनंतर दोन वर्षांची फेलोशिप असते आणि तीत किमान बारा महिने प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असावे लागतात. उरलेला वेळ बहुधा संशोधनाला जातो. भारतात एमडीनंतर नीट-एसएस या अतिविशेष शाखांच्या प्रवेशपरीक्षेतून तीन वर्षांच्या डीएम या अतिविशेष पदवीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची फेलोशिप हा दुसरा रस्ता. याउलट स्वीडनमध्ये संसर्गरोग ही पहिल्यापासून स्वतंत्र मूळ शाखा आहे आणि तिची स्वतःची रुग्णालयीन खाती आहेत. फिनलंडमध्ये तज्ज्ञ घडवण्याची जबाबदारीच कायद्याने विद्यापीठांकडे आहे. तिथे कोणत्याही शाखेच्या डॉक्टरला प्राथमिक आरोग्यकेंद्रातही काही महिने काढावे लागतात. हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण ताप आलेला माणूस पहिल्यांदा जातो तो तिथेच. ब्रिटनने २०१५ पासून संसर्गरोग, वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र आणि विषाणुशास्त्र यांचे सुरुवातीचे प्रशिक्षण एकत्र केले. जर्मनीत मेडिसिन आणि संसर्गरोग अशी जोड विशेषज्ञता मान्य व्हायला २०२१ साल उजाडले, तेही कोविडच्या धक्क्यानंतर.

कन्सल्ट. या प्रशिक्षणाचा कणा म्हणजे कन्सल्ट, म्हणजे दुसऱ्या विभागाने मागितलेला सल्ला. सकाळी यादी हातात येते: अतिदक्षता विभागात न उतरणारा ताप, अस्थिरोग विभागात भरून न येणारी जखम, कर्करोग विभागात पांढऱ्या पेशी शून्यावर आलेला रुग्ण. प्रशिक्षणार्थी आधी एकटा जातो, कागद पहिल्या पानापासून वाचतो, रुग्णाशी बोलतो, त्याला नखशिखान्त तपासतो. दुपारी वरिष्ठांसमोर सगळे मांडतो आणि मग सारी तुकडी पुन्हा रुग्णाच्या खाटेपाशी जाते.

प्रश्न विचारण्याची कला इथे जितकी मोलाची ठरते तितकी क्वचितच दुसऱ्या शाखेत. गुरांमध्ये काम करता का, कच्चे दूध प्यायलात का, पुराच्या पाण्यातून चाललात का, मागच्या वर्षभरात कुठे राहिलात, लैंगिक संबंध कोणाशी, सुईने नशा केली का, घरात कोणाला क्षय होता का. संकोच न करता आणि समोरच्याला अवघडून न टाकता हे विचारणे सरावानेच जमते. प्रत्येक उत्तराला वजन असते. कच्च्या दुधाने ब्रुसेला हा गुरांकडून येणारा जंतू सुचतो, पुराच्या पाण्याने लेप्टोस्पायरा हा जंतू, मधुमेह असून ओल्या मातीत काम असेल तर मेलिऑइडोसिस हा मातीतल्या जंतूचा आजार. तारखाही तितक्याच बोलक्या असतात: फाल्सिपेरम हिवताप बहुतेक वेळा प्रवासानंतर महिन्याभरात दिसतो, तर व्हायव्हॅक्स यकृतात दडून महिन्यांनी उलटतो. तपासणीतही तेच. स्क्रब टायफसचा काळा खपला काखेत, जांघेत, स्तनाखाली लपलेला असतो; कपडे बाजूला करून पाहिले नाही तर तो सापडत नाही आणि साध्या डॉक्सिसायक्लिनने बरा होणारा माणूस दगावू शकतो.

कन्सल्टचे मोल मोजून दाखवता येते असे एक उदाहरण म्हणजे रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू सापडणे. अशा रुग्णाला संसर्गरोगतज्ज्ञाने स्वतः पाहिले तर मृत्यूचे प्रमाण घटते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्यामागे जादू काही नाही. रक्त स्वच्छ होईपर्यंत कल्चर (नमुन्यातून जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) परत परत घेणे, हृदयाची इकोकार्डिओग्राफी, बाधित नळी काढणे किंवा पू वाहता करणे, जंतू मेथिसिलिनला दाद देणारा असेल तर व्हँकोमायसिन सोडून सेफॅझोलिन किंवा क्लॉक्सासिलिनवर येणे, आणि उपचाराचे दिवस पहिल्या निर्जंतुक कल्चरपासून मोजणे: किमान चौदा, गुंतागुंत असेल तर चार ते सहा आठवडे. ही सारी कामे कोणालाही येण्यासारखी आहेत. ती एकही न गाळता, प्रत्येक वेळी होणे यासाठी माणूस घडवावा लागतो.

हे सांगण्याची रीतही शिकावी लागते. सल्ला देणारा डॉक्टर रुग्णाचा मुख्य डॉक्टर नसतो. शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागेल हे सर्जनला पटवायचे असेल तर कागदावर चार ओळी लिहून भागत नाही, जाऊन समोरासमोर बोलावे लागते. रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या विचारलेल्या प्रश्नाला तिथेच उत्तर द्यायचे, की "मी रुग्णाला बघून सांगतो" म्हणायचे, हा निर्णय रोजचा. चांगले शिक्षक दुसऱ्या उत्तराची सवय लावतात.

प्रयोगशाळा. काही आठवडे किंवा महिने सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढणे बहुतेक अभ्यासक्रमांत सक्तीचे असते. डॅनिश डॉक्टर ग्रॅम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली रंगवण्याची पद्धत आजही पहिली पायरी आहे, आणि स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली निळे-जांभळे व गुलाबी जंतू पाहिलेला डॉक्टर अहवाल वेगळ्या नजरेने वाचतो. ब्लड कल्चरच्या चार बाटल्यांपैकी एकाच बाटलीत त्वचेवरचा सामान्य जंतू वाढला तर तो बहुधा सुई टोचतानाच आत गेलेला असतो. वेगवेगळ्या टोचण्यांतून घेतलेल्या रक्ताच्या दोन स्वतंत्र संचांत वाढला तर प्रकरण बदलते. जंतूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा, म्हणजे एमआयसी, हा आकडा दोन औषधांमध्ये सरळ तुलना करण्यासाठी नसतो, हेही इथेच नीट समजते. आणखी एक धडा सुरक्षेचा: ब्रुसेला किंवा मेलिऑइडोसिसची शंका असेल तर नमुना पाठवण्याआधी प्रयोगशाळेला फोन करायचा, कारण हे जंतू उघड्या टेबलावर हाताळणाऱ्या तंत्रज्ञालाच आजारी पाडू शकतात.

न देण्याचे शिक्षण. प्रतिजैविक सुरू करणे सोपे असते. ते न देणे किंवा बंद करणे अवघड, कारण बंद केल्यावर रुग्ण बिघडला तर दोष बंद करणाऱ्याकडे येतो. म्हणून प्रतिजैविकांच्या विवेकी वापराचे काम प्रशिक्षणाचा स्वतंत्र भाग बनले आहे. लघवीत जंतू आहेत पण त्रास काही नाही, अशा माणसाला औषध लागत नाही. गर्भवती आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणारे रुग्ण हे ठळक अपवाद. कृत्रिम श्वासावरील रुग्णाच्या कफात कँडिडा दिसली म्हणून बुरशीविरोधी औषध द्यायचे नसते. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असे सांगणाऱ्या दहापैकी नऊहून अधिक जणांना ते औषध प्रत्यक्षात चालते. चौकशी आणि चाचणी करून तो शिक्का पुसणे हे प्रशिक्षणार्थीचे नेहमीचे काम झाले आहे.

उपचाराच्या मुदतीबद्दलच्या जुन्या समजुतीही ढासळत आहेत. हाडाच्या संसर्गात सहा आठवडे शिरेतूनच औषध हवे असे पिढ्यान्पिढ्या शिकवले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 'ओव्हिव्हा' चाचणीत एक हजाराहून अधिक रुग्णांमध्ये गोळ्या तितक्याच परिणामकारक ठरल्या. रक्तातल्या जंतुसंसर्गाला सात दिवस पुरतात की चौदा, हे 'बॅलन्स' चाचणीने साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांत तपासले आणि २०२४ मध्ये सात दिवस कमी पडत नाहीत असे दाखवले. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे रुग्ण मात्र तीत घेतलेच नव्हते. कोणता निष्कर्ष कोणत्या रुग्णाला लागू नाही, हे पाहण्याची ही सवय दर आठवड्याच्या जर्नल क्लबमध्ये, म्हणजे नव्या संशोधनलेखांवरच्या चर्चेत, लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांची ॲक्सेस (नेहमीच्या वापराची), वॉच (जपून वापरायची) आणि रिझर्व्ह (शेवटचा उपाय म्हणून राखलेली) अशी विभागणी केली आहे. रिझर्व्ह गटातले औषध उघडण्याआधी संसर्गरोग विभागाची परवानगी लागावी अशी व्यवस्था अनेक रुग्णालयांत असते, आणि तो फोन रात्रीबेरात्री प्रशिक्षणार्थीच घेतो.

बाह्यरुग्ण विभाग. वॉर्डातली ओळख काही दिवसांची. बाह्यरुग्ण विभागातली वर्षांची. एचआयव्हीसह जगणारे रुग्ण हा या शिक्षणाचा मोठा आणि माझ्या मते सर्वांत माणुसकी शिकवणारा भाग. एकाच प्रशिक्षणार्थीने तेच रुग्ण पूर्ण काळ सांभाळावेत अशी अपेक्षा असते. आज नियमित गोळ्या घेणाऱ्या, रक्तात विषाणू मोजण्याइतका न उरलेल्या माणसाकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही. ही गोष्ट वर्षानुवर्षे मनात अपराध बाळगलेल्या माणसाला शांतपणे समजावून सांगणे हाही प्रशिक्षणाचा भाग. याशिवाय क्षय, यकृताचे विषाणुजन्य दाह, प्रवासापूर्वीच्या लसी, घरी राहून शिरेतून औषध घेणारे रुग्ण असे इतर दवाखाने असतात. अवयव प्रत्यारोपण आणि रक्तकर्करोग यांतले संसर्ग इतके गुंतागुंतीचे झाले आहेत की काहीजण त्यासाठी आणखी एक वर्ष देतात.

रुग्णालयातील संसर्गनियंत्रण समितीवर काम, एखाद्या वॉर्डात एकाच जंतूचे रुग्ण वाढल्यास त्याचा माग काढणे आणि सार्वजनिक आरोग्य विभागात काही आठवडे घालवणे हेही बहुतेक ठिकाणी असते.

मूल्यमापन. शेवटी लेखी परीक्षा असते, काही देशांत तोंडी आणि रुग्णांवरची प्रात्यक्षिकेही. भारतातील डीएमसाठी प्रबंध किंवा संशोधनपत्राची अट येते. पण अलीकडे भर आहे तो कामाच्या जागी होणाऱ्या निरीक्षणावर. ओले तेन काते या डच शिक्षणतज्ज्ञाने २००५ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार प्रश्न असा विचारतात: हे काम या डॉक्टरवर देखरेखीशिवाय सोपवता येईल का? ज्या दिवशी वरिष्ठ नवा कन्सल्ट ऐकून "तू बघ आणि मला संध्याकाळी सांग" म्हणतात, त्या दिवशी त्या कामापुरते उत्तर मिळालेले असते.

जागा आणि मोबदला. अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत या फेलोशिपच्या बऱ्याच जागा रिकाम्या राहिल्या आहेत. कोविडकाळात अर्ज वाढले, पण ती वाढ टिकली नाही. मुख्य कारण पैशाचे आहे. बहुतेक आरोग्यव्यवस्था प्रक्रियेला चांगला मोबदला देतात, विचाराला कमी; तासभर कागद वाचून चुकीचे औषध थांबवणाऱ्या डॉक्टरच्या नावे बिल लहानच निघते. दोन वर्षे जास्त शिकूनही मेडिसिनच्या सहकाऱ्याइतकीच किंवा त्याहून कमी कमाई होणार असेल, तर आवड असलेला तरुण डॉक्टरही माघार घेतो. प्रतिजैविक नियंत्रण आणि संसर्गनियंत्रण यांसाठी दिलेल्या तासांचे वेतन रुग्णालयाने थेट द्यावे, अशी मागणी संघटना करत आहेत, आणि काही रुग्णालयांनी तशी पदे निर्माणही केली आहेत.