एकही चकती हरवू नये म्हणून : मायक्रोटोमची पार्श्वभूमी

बायोप्सीचा तुकडा लॅबमध्ये गेला की मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी त्याच्या चकत्या काढतात. त्या कापणारं यंत्र म्हणजे मायक्रोटोम. जाडी ३ ते ५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्याचं कौतुक होतं ते या पातळपणासाठी. मला मात्र त्याची खरी कमाई वेगळी वाटते: चकत्या एकसारख्या निघतात, क्रमाने निघतात आणि मधली एकही गहाळ होत नाही.

१६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाची चकती धारदार चाकूने हातानेच कापली होती. बटाट्याच्या फोडीत पान धरून ब्लेडने सेक्शन काढलेल्या प्रत्येकाला ती कसरत माहीत आहे. शंभरातली एखादीच चकती जमते. १७७० च्या सुमारास लंडनमध्ये लाकडाच्या चकत्या काढायचं यंत्र आलं. त्यात स्क्रू फिरवला की लाकूड किंचित वर सरकायचं आणि पातं तेवढाच थर उतरवायचं. पण लाकूड पात्यापुढे ठाम उभं राहतं, यकृत किंवा मेंदू दबतो.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या विल्हेल्म हिस या शरीररचनातज्ज्ञाला कोंबडीच्या पिल्लाचा गर्भ कसा घडतो ते पाहायचं होतं. सुट्या चकत्यांनी त्याचं भागणार नव्हतं. डोक्यापासून शेपटीपर्यंतची सलग मालिका हवी होती, तरच त्यांवरून गर्भाचा पूर्ण आकार पुन्हा उभा करता येणार होता. त्यासाठी १८६६ च्या सुमारास त्याने स्वतःचा मायक्रोटोम बनवला. ऊतकाला मेणाचा आधार देण्याची पद्धत १८६९ मध्ये एडविन क्लेब्सने आणली. मेण आणि पाणी एकजीव होत नाहीत, म्हणून ऊतकातलं पाणी आधी अल्कोहोलने काढायचं, मग झायलीनसारखा द्राव, मग वितळलेलं पॅराफिन, म्हणजे मेण. आजही क्रम हाच आहे.

पुढची उडी केंब्रिजची. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्यम कॉल्डवेल आणि रिचर्ड थ्रेलफॉल यांनी आपोआप चालणारं यंत्र उभारलं. मेणातल्या चकत्या कडेला कड चिकटून सुटतात आणि पात्यावरून पट्टीसारख्या उतरतात, याचा त्यांनी उपयोग करून घेतला. तीच आजची ‘रिबन’. क्रम मोडण्याची भीती संपली. १८८५ मध्ये चार्ल्स डार्विन यांचा मुलगा होरेस याने त्याच शहरात साधा, दणकट रॉकिंग मायक्रोटोम बनवला. पातं स्थिर आणि ब्लॉक झुलता. आपल्याकडच्या जुन्या कॉलेजांच्या प्राणिशास्त्र विभागांत पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी यावरच शिकले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स मायनॉटने चाकाचा रोटरी मायक्रोटोम केला: चाकाचा एक फेरा, एक चकती. पॅथॉलॉजी लॅबमध्ये आज दिसतो तो याचाच वारस.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला एवढी जाडीही चालेना. १९५० च्या सुमारास तुटलेल्या काचेची कड पातं म्हणून वापरात आली, पाठोपाठ हिऱ्याचं पातं आलं, आणि चकती शंभर नॅनोमीटरच्या, म्हणजे मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाच्या, खाली उतरली.

हिसला हवी असलेली सलग मालिका या जाडीतही जमली. १९८६ मध्ये केंब्रिजच्याच शास्त्रज्ञांनी एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स कृमीच्या अशा चकत्या एकामागून एक पाहत त्याच्या ३०२ चेतापेशींची जोडणी कागदावर उतरवली.