दोन स्प्रिंगा आणि मधली रिंग

ऑफ-रोड गाडीच्या स्प्रिंगला दोन उलट कामं करावी लागतात. बारीक दगडगोट्यांवर चाक मोकळं वरखाली व्हावं म्हणून ती मऊ हवी, आणि गाडी उंचवट्यावरून उडून आदळली की तीच कडक हवी. म्हणून कॉइलओव्हर शॉकवर (ज्याच्या नळीभोवतीच स्प्रिंग बसते असा शॉक अब्सॉर्बर) बहुधा दोन स्प्रिंगा एकावर एक बसवतात. दोघींच्या मध्ये शॉकच्या नळीवर सरकणारा स्लायडर असतो.

समजा वरची स्प्रिंग 200 पौंड प्रति इंच आहे (म्हणजे 1 इंच दाबायला 200 पौंड भार लागतो; हाच तिचा रेट) आणि खालची 300. जोडीवर 600 पौंड भार आला, तर तो वाटला जात नाही. दोघींनाही पूर्ण सोसावा लागतो. वरची 3 इंच दबते, खालची 2. एकूण 5 इंच, म्हणजे जोडीचा रेट अवघा 120. दोघींतल्या मऊ स्प्रिंगपेक्षाही कमी!

नळीच्या आट्यांवर, स्लायडरच्या वर, एक रिंग असते. स्लायडर तिला टेकला की वरची स्प्रिंग कामातून बाद होते आणि रेट एकदम 300 होतो. रिंग फार वर राहिली, तर वरच्या स्प्रिंगचे वेढे आधीच एकमेकांना भिडतात. तेव्हाही रेट वाढतो, पण धातूवर धातू आपटून स्प्रिंग खराब होते.

रिंग कुठे लावायची, यात एक गोष्ट हमखास निसटते. शॉक 1 इंच दबला तर स्लायडर 1 इंच सरकत नाही. वरच्या उदाहरणात तो 0.6 इंच सरकतो, उरलेले 0.4 इंच खालची स्प्रिंग दबते. त्यामुळे उभ्या गाडीचा शॉक आणखी 4 इंच दबल्यावर रेट बदलायला हवा असेल, तर स्लायडर आणि रिंग यांत 2.4 इंच अंतर ठेवायचं. 4 ठेवलं, तर रेट बदलायला शॉक जवळपास 6.7 इंच दबावा लागेल.

पण त्याआधी गाडीची उंची ठरवा, नेहमीचं सामान आणि माणसं धरून. ती ठरते सगळ्यात वरच्या कॉलरने, म्हणजे वरची स्प्रिंग जिला टेकते त्या आट्यांवरच्या कड्याने. कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. रेट तोच राहतो, गाडी फक्त उचलली जाते. मात्र कॉलरबरोबर स्लायडरही खाली जातो आणि रिंगचं अंतर बदलतं, म्हणून रिंग नेहमी नंतर. कॉलर फिरवताना चाक अधांतरी लटकतं ठेवा.

मग गाडी पळवून बघा. तळ सहज लागत असेल, म्हणजे शॉक पूर्ण दबत असेल, तर रिंग अर्धा इंच खाली घ्या, मधल्या टप्प्यातच कडक धक्का जाणवला तर वर. शेवटच्या इंच-दीड इंचाचा मार मात्र बंपस्टॉपवर (शेवटी धक्का झेलणाऱ्या अडथळ्यावर) सोडा, तो रिंगने सुटत नाही.